काकांचे सिनेटर

खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काका आधी सिनेटरबद्दल सांगत आणि मग गीझरबद्दल. माझ्याआधी चार जणांनी ती खोली पाहिली होती, पण गीझरपर्यंत एकही पोचला नव्हता. मी पोचले, कारण त्या दिवशी माझे पाय दुखत होते आणि काकूंनी चहा टाकला होता.

वुडलँड्समधला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी पुण्याहून नुकतीच या देशात आले होते. ऑफिस जुरोंग ईस्टला, आणि वुडलँड्सहून तिथे न बदलता एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, जाते एवढंच मला या शहराबद्दल कळलं होतं. काका सोफ्याच्या टोकाला ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक छोटी टॉर्च. तुआसच्या एका शिपयार्डमध्ये तीस वर्षं त्यांनी जहाजांच्या वेल्डिंगच्या शिवणी तपासल्या होत्या. नोकरी संपून पाच वर्षं झाली होती. टॉर्च राहिली होती.

"आमचे सिनेटर," काका म्हणाले, "घोड्यावरून नऊ दिवस प्रवास करून कामावर जायचे. तुला किती वेळ लागेल?"

"पाऊण तास."

"मग तक्रार करू नकोस."

मी तक्रार केली नव्हती. पण का कोण जाणे, "नाही करणार," असं म्हणाले आणि तीन वर्षं तिथे राहिले.

अमेरिका नवी नवी होती तेव्हाच्या, अगदी पहिल्या काही सिनेटरांपैकी हे एक. नाव मी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी कुणाला माहीत असणार नाही. अमेरिकेतही नाही, हे काकांनी तिथल्या तीन ग्रंथालयांना ईमेल करून तपासलं होतं. त्यांच्यावर काका तेव्हा सहा वर्षं मराठीत चरित्र लिहीत होते.

का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. काहीतरी मोठं उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. अमरावतीकडचं गाव, शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग, घरातला पहिला शिकलेला माणूस. लोकशाहीवर एखादं भाषण ऐकायची मी तयारी केली होती. काका म्हणाले, "यार्डात एक अमेरिकन जहाज आलं होतं दुरुस्तीला. त्याच्या चीफ इंजिनिअरने जाताना एक पेटी पुस्तकं टाकून दिली. त्यात कुठल्यातरी जिल्ह्याचा इतिहास होता. त्यात आमचे सिनेटर दीड पान होते. पुढचं पान फाटलेलं."

"मग?"

"मग काय? पुढे काय झालं ते कळेना."

त्यांच्या दृष्टीने उत्तर संपलं होतं.

पुढे काय झालं ते त्यांनी हळूहळू शोधून काढलं. सिनेटर मूळचे पिठाच्या गिरणीचे मालक. नदीकाठी गिरणी, मागे शेत. सिनेटर म्हणून त्यांना लोकांनी नव्हे, राज्याच्या विधिमंडळाने निवडलं, कारण तेव्हा तशीच पद्धत होती. कोण किती वर्षं बसणार यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तर यांना चार वर्षांची निघाली. त्यातली अडीच वर्षं ते बसले आणि मग 'गहू कापायला आला आहे' असं एका ओळीचं पत्र देऊन घरी गेले. या एका ओळीवर काकांनी बावीस पानं लिहिली होती. काकूंनी त्यातली चार वाचली होती. "गहू तं कापला न शेवटी?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

काका रोज पाचला उठत आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्या वह्यांत लिहीत. समासात प्रत्येक वाक्यासमोर यार्डातल्यासारखी खूण करत. पुरावा पक्का असेल तर 'पास', अर्धवट असेल तर 'दुरुस्ती', आणि नुसता अंदाज असेल तर 'नापास'. नापास वाक्य खोडत नसत. "वेल्डरला कळायला पाहिजे कुठे चुकलं," म्हणायचे. वेल्डर तेच होते.

सिनेटर त्या घरात राहत असल्यासारखे होते. काकूंचा गुडघा दुखला की काका सांगत, सिनेटरांचाही डावाच दुखायचा. भात जास्त झाला की सांगत, सिनेटर शिळी भाकरी दुधात बुडवून खात, भावाला पत्रात लिहिलंय. आणि बोलताना नेहमी 'ते'. ते म्हणाले, ते गेले, त्यांना ताप आला. स्वतःच्या वडिलांना काका 'बाप' म्हणत, अरे-तुरेत, विदर्भात प्रेमाने म्हणतात तसं. सिनेटरांना कधी नाही.

खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांतला कॉफीवाला चिनी अंकल रोज सकाळी विचारायचा, "युअर सिनेटर हाऊ? डाय ऑलरेडी ऑर नॉट यट?"

"नॉट यट," काका म्हणायचे. "स्टिल चॅप्टर सिक्स."

"वा, व्हेरी स्ट्राँग," अंकल म्हणायचा आणि कॉफी ओतायचा.

काकांची मुलगी मात्र एवढी सहनशील नव्हती. ती जुरोंग ईस्टला वेगळी राहायची, विमा कंपनीत होती, रविवारी जेवायला यायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इथल्या, शेवटी 'लाह' जोडायच्या इंग्रजीत यायचं. वह्या बाजूला सारून ताट ठेवायला जागा करताना ती दर रविवारी एकच वाक्य बोलायची, "पपा, नोबडी इज रीडिंग, लाह."

"अजून लिहून कुठे झालंय?" काका म्हणत. दर रविवारी.

आता दाराबद्दल सांगायला हवं. अमेरिकेची सिनेट सुरुवातीला बंद दाराआड बसायची. आत कोण काय बोललं हे बाहेर कुणाला कळत नसे. आमचे सिनेटर अडीच वर्षांत एकदाच उठून बोलले, ते यावर. भावाला त्यांनी लिहिलं होतं, आणि काकांना ते पाठ होतं: 'मी म्हणालो, ज्यांच्या नावाने आपण इथे बसतो त्यांना आपला आवाज ऐकू येऊ द्या, दार उघडा. कुणी काही बोललं नाही. गुडघा दुखू लागला, म्हणून बसलो.'

हे पत्र मिळालं त्या दिवसापासून काकांच्या फ्लॅटचं लाकडी दार बंद झालं नव्हतं. बाहेरचं जाळीचं दार कुलपात, पण लाकडी दार सताड उघडं. नवव्या मजल्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आमचं जेवण, आमची भांडणं आणि टीव्हीवरच्या बातम्या उपलब्ध होत्या. शेजारच्या मलय मावशींचं मांजर जाळीतून येऊन सोफ्यावर झोपायचं. हा नियम माझ्या खोलीलाही लावायचा काकांचा विचार होता. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमच्या सिनेटरने पोरी भाड्याने ठेवल्या होत्या का?" काकांनी थोडा विचार केला आणि याबद्दल पुरावा नाही असं मान्य केलं. माझ्या दाराला कडी राहिली.

काका-काकू बौद्ध. दर एप्रिलमध्ये जयंतीला इथली मंडळी, बहुतेक इंजिनिअर आणि संशोधक, एक हॉल भाड्याने घेऊन जमतात. काका दरवर्षी तिथे खुर्च्या मांडायचे आणि दरवर्षी चिटणीसांना सिनेटरांवर बोलू द्या म्हणून विचारायचे. माझ्या तिसऱ्या वर्षी चिटणीस बदलले. नवे चिटणीस तरुण होते, भिडस्त होते, आणि त्यांना आधीचा इतिहास माहीत नव्हता.

"पंधरा मिनिटं, काका," ते फोनवर म्हणाले. "नंतर मुलांचा नाच आहे आणि जेवण."

काकांनी फोन ठेवला आणि नवा शर्ट आणायला गेले. कार्यक्रमाला सात आठवडे होते.

स्लाइड्स करायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी सकाळी काका सांगत, मी टाइप करत असे. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी अमेरिकेतल्या ग्रंथालयातल्या बाईंची ईमेल आली. या बाईंना काका 'मॅडम' म्हणत आणि मॅडम त्यांना नऊ वर्षं न कंटाळता उत्तरं देत. काका कित्येक दिवस जे मागत होते ते त्यांना तळघरातल्या एका खोक्यात सापडलं होतं. सिनेटरांचं मृत्युपत्र.

काकांनी चष्मा पुसला. शेवटची स्लाइड यावरच करू म्हणाले. टॅबलेटवर जुनं वळणदार अक्षर मोठं करून ते वाचू लागले आणि लगेच मराठीत सांगू लागले.

"लिही. पहिलं कलम. आत्मा देवाला. दुसरं, गिरणी थोरल्या मुलाला. तिसरं, नदीकडचं शेत मधल्याला. बघ, किती नीट माणूस." चौथं, पाचवं असं करत आम्ही पुढे गेलो. घोडा कुणाला, बायबल कुणाला. "आठवं. धाकट्या मुलीला पिसांची गादी, तांब्याचं मोठं पातेलं, आणि…"

मी थांबले. "आणि?"

"थांब."

त्यांनी अक्षर आणखी मोठं केलं. खिशातली टॉर्च काढून टॅबलेटवर मारली. टॅबलेटवर टॉर्च मारून काही होत नाही, हे त्यांनाही माहीत असणार.

"आणि माझी काळी बाई सूकी," ते म्हणाले, "तिच्या पोरीसकट."

मी टाइप केलं. आपण काय टाइप केलं ते मला नंतर कळलं.

"काका, वाचताना चुकलं असेल."

"तीस वर्षं मी इंग्रजीत रिपोर्ट लिहिले. चुकलं नाही." मग म्हणाले, "पातेल्यानंतर आहे."

ते उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि लाकडी दार लावलं. तीन वर्षांत मी त्या दाराचा आवाज पहिल्यांदा ऐकला. काकू पोळपाट सोडून काय पडलं ते बघायला बाहेर आल्या.

चार दिवस घरात सिनेटरांचं नाव निघालं नाही. पाचला उठत, टेबलाशी बसत, पण वही उघडत नसत. मांजर जाळीपाशी येऊन ओरडून गेलं. सोमवारी मी ऑफिसला निघाले तेव्हा ते खाली कॉफी घेत होते. अंकलने नेहमीप्रमाणे विचारलं, "युअर सिनेटर हाऊ?"

"डाय ऑलरेडी," काका म्हणाले.

अंकलने मान हलवली आणि त्या दिवशी कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "काय नाव म्हणे त्या बाईचं?"

"सूकी," काका म्हणाले. "त्यांच्यात सुसानला लाडाने म्हणतात."

"आमच्या गावात बी होती एक सुकी," काकू म्हणाल्या. "आईसोबत निंदाले जाये. लय हसे." त्यांनी मेथीची एक जुडी संपवली. "मग आता काय, वह्या जाळता?"

"नाही."

"मग बसा न लिहाले. टेबल अडवून काहून ठेवलं?"

काकांनी वही पुढ्यात ओढली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या पणजीचं नाव मला माहीत नाही. बापाला विचारलं होतं, त्यालाही माहीत नव्हतं. हिचं नाव आहे. आणि कशामुळे आहे, तर तिला पातेल्यासोबत देऊन टाकली म्हणून आहे." पेनाचं टोपण काढत म्हणाले, "तो तिकडे दार उघडा म्हणत होता तेव्हा ही त्याच्या घरी भांडी घासत असेल."

मी स्लाइड बंद करता करता थांबले. काका 'तो' म्हणाले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं नाही आणि दुरुस्तही केलं नाही. वही उघडली आणि लिहायला बसले.

चिटणीसांना त्यांनी फोन करून सांगितलं की भाषणात थोडा बदल आहे. काय बदल तेही सांगितलं. चिटणीस काळजीत पडले. "काका, जयंतीला आपण जरा प्रेरणादायी ठेवतो."

"ठेवा ना," काका म्हणाले. "मी पंधरा मिनिटंच घेतो."

कार्यक्रमाला आम्ही टॅक्सीने जाणार होतो, पण मुलीने गाडी भाड्याने घेतली आणि सोडायला आली. आत येणार नव्हती. पार्किंगचे एवढे पैसे भरलेच आहेत, तर जेवूनच जाते म्हणाली आणि मागच्या रांगेत फोन काढून बसली.

काका नव्या शर्टात उभे राहिले. एकही स्लाइड लावली नाही. माझे ते सगळे शनिवार लॅपटॉपमध्येच राहिले. अकरा मिनिटं ते सिनेटरबद्दल बोलले आणि चांगलं बोलले. गिरणी, नऊ दिवसांचा घोडा, बंद दार, एकट्याने उठून बोलणं, गुडघा. लोक हसले. पहिल्या रांगेतल्या एक आजी 'वा' म्हणाल्या. त्यातली एकही गोष्ट त्यांनी कमी केली नाही. मग खिशातून कागद काढून आठवं कलम वाचलं. पातेलं, सूकी, पोर. कागद घडी घालून परत ठेवला.

"सूकीबद्दल मला एवढंच माहीत आहे," काका म्हणाले. "सिनेटरला अकरा मिनिटं दिली. हिच्यासाठी चार ठेवली आहेत. सांगायला काही नाही."

आणि ते तिथेच उभे राहिले.

चार मिनिटं किती असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या मिनिटात लोकांनी माना खाली घातल्या, श्रद्धांजली समजून. दुसऱ्या मिनिटात माना वर झाल्या. माइक बंद पडला असं वाटून चिटणीस पुढे आले, माइकवर टकटक केली, माइक चालू होता, ते परत गेले. एसीचा आवाज येत होता. दाराशी नाचाच्या पोशाखातली मुलं उभी होती, त्यांच्या पायातले घुंगरू मधूनच वाजत आणि कुणीतरी त्यांना दाबून धरत होतं. तिसऱ्या मिनिटात कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते, हात पँटच्या शिवणीला लावून. काकू पदराने चष्मा पुसत होत्या. तो आधीच स्वच्छ होता.

वेळ झाली तसं काकांनी घड्याळ पाहिलं, "आभार" म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला ठरवता आलं नाही.

जेवताना एक गृहस्थ ताट घेऊन आले. यार्डातलेच, काकांच्या हाताखाली काम केलेले. "सर, शेवटी माणूस चांगला की वाईट?"

"एक शिवण नापास," काका म्हणाले.

"एकच ना? मग जहाज तर पास."

"पाण्याखालची शिवण आहे," काका म्हणाले आणि त्यांना कढी वाढली.

परत येताना काका गाडीत मागच्या सीटवर बसले होते. एका सिग्नलला मुलीने आरशातून मागे पाहिलं. "पपा. द लिटल गर्ल. सूकीज डॉटर. गॉट नेम ऑर नॉट?"

"लिहिलेलं नाही."

"नोबडी रोट इट, ऑर यू डिडन्ट फाइंड इट?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. इतक्या वर्षांत काकांना कुणी तपासणीचा प्रश्न विचारला नव्हता, आणि हा बरोबर प्रश्न होता.

"तपासलेलं नाही," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ती जेवायच्या दोन तास आधी आली, लॅपटॉप घेऊन. वह्या बाजूला न सारता तिने खुर्ची ओढली. चर्चच्या नोंदी, जुन्या कचेऱ्यांची कागदपत्रं, कुणीकुणी इंटरनेटवर चढवलेल्या याद्या. ती इंग्रजीतून वाचायची, काका मराठीतून शंका काढायचे, दोघं दोन भाषांतून भांडायचे. पोरीचं नाव सापडलं नाही. दीड वर्षाने सूकीचं सापडलं. चर्चच्या दफनाच्या वहीत एक ओळ, तीही तारीख पुसट झालेली. धाकट्या मुलीच्या घरची सूकी.

तोवर माझं लग्न ठरून मी ती खोली सोडली होती. नवी भाडेकरू गीझरपर्यंत पोचली का, हे काकूंना विचारलं तर म्हणाल्या, आता काका आधी सूकीचं सांगतात. सिनेटर दुसऱ्या कपापर्यंत येत नाही.

मग एका सकाळी मी जुरोंग ईस्टला एमआरटीतून उतरत असताना काकांचा फोन आला. अमेरिकेतून. तिथे संध्याकाळ होती. मुलीने रजा काढून त्यांना नेलं होतं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, गावापर्यंत तीन विमानं आणि एक बस. मी प्लॅटफॉर्मवरच थांबले. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी जात होते.

गिरणी पडली, तिथे गाड्या धुतात, काका म्हणाले. मॅडम भेटल्या, वाटलं होतं त्यापेक्षा फार बुटक्या आहेत. सिनेटरच्या कबरीचा दगड मोठा आहे, नीट आहे, त्याच्यावर तो दार उघडा म्हणाला ते कोरलंय.

"आणि सूकी?"

"ती दफनभूमीच्या भिंतीपलीकडे. नुसतं गवत आहे. मॅडम म्हणाल्या, चाळीस-पन्नास जण असतील, कोण कुठे ते माहीत नाही. दगड नाही, खूण नाही. पाय कुठे ठेवायचा कळेना. कुणाच्या अंगावर पडेल सांगता येत नाही. म्हणून आम्ही कडेलाच उभे राहिलो."

"मग काय केलंत?"

"काय करणार? फुलं आणायची राहिली होती. मी पोरीला म्हटलं, तूच काहीतरी म्हण, माझा घसा बसलाय विमानात. तिला काय येतं? लहानपणी शिकवलेलं त्रिशरण तेवढं येतं. ते म्हटलं तिने. मोठ्याने म्हटलं. मॅडमनी पण हात जोडले." फोनवर वाऱ्याचा आवाज आला. "दोन ठिकाणी चुकली."

"मग?"

"मग काय. राहू दिलं."

मागे मुलगी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. काकांनी फोनवर हात ठेवला असावा. परत आले तेव्हा घाईत होते.

"ती तुला फोन करेल," ते म्हणाले. "मी रडलो असं सांगेल. ऊन फार होतं."